कडू करांदा, पांढरी गोळी

जोयड्याहून कारवारकडे जाणारा रस्ता अणशीच्या पुढे घाटात उतरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या रानाला १९८७ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ साली दांडेलीच्या अभयारण्यासह ते व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि २०१५ पासून तो प्रकल्प काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. पर्यटक येतात ते वाघाच्या आशेने. इथल्या माणसांना मात्र रानाची ओळख कंदांवरून जास्त. जोयडा तालुक्यातल्या कुणबी घरांमध्ये कोन, कणगी, मुडली ही नावं तोंडावर असतात, आणि तालुक्याच्या गावी दरवर्षी कंदांचा मेळा भरतो.

सह्याद्रीच्या या सगळ्या पट्ट्यात एक वेल उगवतो, करांद्याचा. पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखी फळं धरणारा. त्यातली लागवडीची जात उकडून खाल्ली जाते. रानातली कडू जात तशी खात नाहीत. ती चिरायची, राख घालून उकळायची, पाणी ओतून द्यायचं आणि फोडी वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा जाईपर्यंत धुवायच्या. ज्या घरात हा करांदा शिजतो तिथे ही सगळी खटपट कशासाठी, हे कुणी विचारत नाही. न धुता खाल्ला तर उलट्या होतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या कडूपणात डायोस्बल्बिन नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये याच वेलाचा कंद गलगंडावर औषध म्हणून देतात. तिथे तो धुऊन खायचा नसतो, त्याचा काढा प्यायचा असतो, आणि तो पिणाऱ्यांमध्ये यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. वेल एकच. अन्न म्हणून आला तेव्हा माणसाने त्याची कसून झडती घेतली, औषध म्हणून आला तेव्हा डोळे मिटून गिळला. खाण्याच्या बाबतीत आपण जितके चोखंदळ असतो तितके औषधाच्या बाबतीत नसतो. मग ते औषध रानातलं असो की पाकिटातलं. या बेफिकिरीची किंमत शरीरात सर्वांत आधी यकृत मोजतं.

विष काढणारं आणि विष घडवणारं

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून जातं, आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश थेट आतड्यांकडून येतं. म्हणजे आपण गिळलेली बहुतेक प्रत्येक गोष्ट उरलेल्या शरीराला भेटण्याआधी यकृताच्या तावडीतून जाते. त्याचा हिशेब सोपा आहे. पाण्यात विरघळणारे पदार्थ मूत्रपिंडं लघवीतून काढून टाकतात. तेलकट पदार्थ तसे निघत नाहीत, त्यांना आधी पाण्यात विरघळण्याजोगं करावं लागतं. हे काम यकृतातली एन्झाइम्स करतात, सहसा दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात रेणूला ऑक्सिजन जोडून किंवा त्याचा तुकडा पाडून त्याला चिकटण्याजोगी जागा केली जाते, दुसऱ्या टप्प्यात त्या जागी एखादा विरघळणारा रेणू चिकटवला जातो.

गोची होते ती पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे. पहिल्या टप्प्यातून निघालेला रेणू कधीकधी मूळ औषधापेक्षा किती तरी आक्रमक असतो. जे समोर येईल त्याला तो चिकटतो, अगदी पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांनासुद्धा. करांद्यातलं डायोस्बल्बिन मुळात तेवढं घातक नसतं. यकृतातल्या एन्झाइमने त्याची एक कडी फोडली की ते घातक होतं. विष काढायला बसलेला अवयव इथे स्वतःच विष तयार करतो.

याचं सर्वांत नीट समजलेलं उदाहरण प्रत्येक घराच्या डब्यात आहे. पॅरासिटामॉल. नेहमीच्या मात्रेत त्याचा फार थोडा भाग या घातक रूपात जातो, आणि ग्लुटाथिओन नावाचं संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. मात्रा वाढली की हा साठा संपतो. मग पेशी मरू लागतात. साठा संपण्याला उपासमार मदत करते, नेहमीची दारूही करते. चार दिवस ताप, तोंडाला चव नाही, पोटात अन्न नाही, अशा माणसाचं यकृत नेहमीचा भार पेलेलच असं नाही.

सुदृढ प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. ती ओलांडायला आत्महत्येचा विचार लागत नाही. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली की झाले २६०० मिलिग्रॅम. त्याच दिवशी सर्दीची म्हणून वेगळ्या नावाची गोळी चार वेळा घेतली, तिच्यात प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. झाले आणखी १३००. बेरीज ३९००. आता रात्री अंग दुखतं म्हणून शेजारच्यांनी दिलेली एक गोळी घेतली, की मर्यादा ओलांडली. आणि त्या माणसाला विचारलं तर तो शपथेवर सांगेल, पॅरासिटामॉल मी चारदाच घेतली. या विषबाधेवर एन-असेटिलसिस्टीन हा उत्तम उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिला तर तो सर्वांत चांगला लागू पडतो. त्या आठ तासांत रुग्णाला फक्त मळमळत असतं. कावीळ दिसते ती दोनतीन दिवसांनी.

पॅरासिटामॉलचा धोका मात्रेवर ठरतो, म्हणून तो टाळताही येतो. बाकीच्या बहुसंख्य औषधांचं तसं नाही. ती हजारो माणसांना पचतात आणि एखाद्यालाच नडतात. आइसलँडमध्ये सगळ्या देशाची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात वर्षाला लाखामागे १९ जणांना औषधांमुळे यकृताचा विकार झाल्याचं दिसलं. तिथे सर्वांत वर होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनेटचं जोड-अँटिबायोटिक, जे आपल्याकडेही घसा, कान, दात अशा कशालाही दिलं जातं. ते घेणाऱ्या साधारण २३५० जणांत एकाला त्रास झाला. डॉक्टरला आयुष्यभरात असे एकदोनच रुग्ण दिसायचे. ते ओळखायचे तर मनात आधीपासून शंका हवी.

पित्ताचे पाट

यकृताचं दुसरं मोठं काम पित्त तयार करण्याचं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त यकृताच्या पेशींमधून झिरपतं. त्यात चरबी पचवणारे पित्तक्षार असतात, जुन्या रक्तपेशींच्या मोडतोडीतून आलेलं पिवळं बिलिरुबिन असतं, आणि लघवीवाटे न जाणारी कित्येक औषधंही असतात. सुपारीच्या बागायतीत जसे बोटभर चऱ्या ओंजळभर पाटांना आणि ते पाट मोठ्या पाटाला मिळतात, तशी यकृतात पित्ताची वाट असते. दोन पेशींच्या मधली केसाहून बारीक फट, तिथून लहान नलिका, मग मोठी नलिका, पित्ताशय आणि आतडं. पेशीतून फटीत पित्तक्षार आपोआप जात नाहीत. पेशीच्या भिंतीतली प्रथिनं ऊर्जा खर्चून त्यांना बाहेर लोटतात.

काही औषधं नेमकं हे लोटणं थांबवतात. नलिका कुठे तुंबलेली नसते, खडा नसतो, गाठ नसते, सोनोग्राफी स्वच्छ येते. तरी पित्त पुढे सरकत नाही. बाहेर पडायचे ते पित्तक्षार पेशीत आणि मग रक्तात साठतात. अशा रुग्णाची पहिली तक्रार बहुधा खाजेची असते. तळहात, तळपाय, रात्र झाली की जास्त, अंगावर पुरळ मात्र नाही. बरेच जण आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जातात. मग लघवी गडद होते आणि शौचाचा रंग मातकट, पांढुरका पडतो, कारण शौचाला रंग देणारं पित्त आतड्यात पोचतच नाही. बिलिरुबिन अडीच-तीन मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर डोळे पिवळे दिसतात. पित्ताअभावी चरबीत विरघळणारं के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि तेही कमी पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो.

औषधाने यकृताच्या पेशींना मारलं की पित्त अडवलं, हे रक्ताच्या साध्या अहवालातून कळू शकतं. त्यात दोन आकडे शोधायचे. एक एसजीपीटी, हे एन्झाइम पेशी फुटली की रक्तात सांडतं. दुसरा अल्कलाईन फॉस्फेटेज, हा पित्ताची वाट अडली की वाढतो. प्रत्येक आकड्याला प्रयोगशाळेने छापलेल्या कमाल मर्यादेने भागायचं आणि मग पहिल्या उत्तराला दुसऱ्याने. समजा एसजीपीटी ६२० आहे, मर्यादा ४०, म्हणजे साडेपंधरा पट. अल्कलाईन फॉस्फेटेज १५०, मर्यादा १२०, म्हणजे सव्वा पट. साडेपंधराला सव्वाने भागलं की १२ च्या वर उत्तर येतं. पाच किंवा त्याहून जास्त आलं तर मार पेशींना बसला आहे. दुसऱ्या रुग्णाचं एसजीपीटी १२०, म्हणजे तिप्पट, आणि फॉस्फेटेज ४८०, म्हणजे चौपट. उत्तर पाऊण. दोन किंवा त्याखाली आलं की घोटाळा पित्ताच्या प्रवाहात. मधलं काही आलं तर दोन्ही.

हा भेद नुसता कागदावरचा नाही. पेशी मारणारा विकार झपाट्याने वाढतो. अमेरिकी यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी त्यावर एक ठोकताळा सांगितला होता, तो आजही नवीन औषधांच्या चाचण्यांत वापरतात. औषधाने पेशींना इजा होऊन वर कावीळही झाली, तर अशा दहा रुग्णांत साधारण एक दगावतो. पित्त अडवणारा विकार सहसा इतका जीवघेणा नसतो, पण तो चिवट असतो. औषध थांबवल्यावरही खाज आणि कावीळ आठवडे, कधी महिने रेंगाळते. क्वचित बारीक पित्तनलिका कायमच्या नष्ट होतात.

पित्त अडवणाऱ्या औषधांची यादी मोठी आहे, तीत काही ओळखीची नावं आहेत. आधी सांगितलेल्या जोड-अँटिबायोटिकमध्ये बहुतेक वेळा दोष क्लॅव्हुलॅनेटचा असतो. त्याची गंमत अशी की कावीळ अनेकदा गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतर दिसते, कधी कधी सहा आठवड्यांनीही. तोवर दातदुखी, दंतवैद्य आणि गोळ्या हे सगळं विसरून गेलेलं असतं. मनोविकारांच्या उपचारात १९५०च्या दशकात आलेल्या क्लोरप्रोमाझिनने अशी कावीळ होते, हे ते आल्यानंतर काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पित्ताचा वेग मंदावतात. ज्या बाईला गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगभर खाज सुटली होती, तिने या गोळ्या सुरू करण्याआधी ते डॉक्टरला आवर्जून सांगावं. आणि शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही आता व्यायामशाळा झाल्या आहेत. तिथे शरीर कमावण्यासाठी तोंडाने घेतली जाणारी स्टेरॉइड्स धडधाकट तरुणाला दोनदोन महिने पिवळा ठेवतात. डब्यावर त्यांचं नाव असेलच असं नाही.

क्षयाच्या गोळ्या

यकृत बिघडवणाऱ्या औषधांची पाश्चात्त्य पुस्तकांतली यादी पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिकने सुरू होते. भारतातली यादी क्षयाच्या औषधांनी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयात १९९७ ते २००८ या काळात औषधांनी यकृत बिघडलेले ३१३ रुग्ण नोंदवले गेले. त्यांतल्या ५८ टक्क्यांचं कारण क्षयाच्या गोळ्या हे होतं, आणि एकूण रुग्णांपैकी १७ टक्क्यांहून थोडे जास्त दगावले. पुढे २०१३ ते २०१८ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून १२८८ रुग्णांची नोंद केली. त्यातही क्षयाची औषधं ४६ टक्क्यांसह पहिली, आणि वनस्पती व पारंपरिक औषधं १४ टक्क्यांसह दुसरी.

क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं असतात, आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यांतली पहिली तीन यकृताला त्रास देऊ शकतात. आयसोनायझिड १९५२ पासून वापरात आहे. त्याला निकामी करणारं एन्झाइम काही माणसांत जलद चालतं आणि काहींत मंद. हा फरक जन्मजात असतो. भारतात मंद गटाची माणसं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना त्रास होण्याची शक्यता जास्त. अंगावर मांस नसणं, दारू, पस्तिशी उलटलेलं वय, आधीपासून असलेली ब प्रकारची कावीळ ही सगळी त्यात भर घालतात. क्षय ज्या घरात येतो त्या घरात यांतलं काही ना काही बहुधा आधीच असतं.

तरीही क्षयाच्या गोळ्यांना घाबरायचं कारण नाही. क्षय उपचाराविना माणसाला मारतो, आणि या गोळ्या घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना यकृताचा काहीही त्रास होत नाही. रुग्णाने भूक मरणं, उलटी, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं, गडद लघवी ही लक्षणं ओळखायची, आणि ती दिसली की पुढची गोळी घेण्याआधी आरोग्य केंद्र गाठायचं. तक्रारी असतील तर एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट, तक्रारी नसतील तर पाचपट झाल्यावर डॉक्टर यकृताला त्रास देणारी औषधं थांबवतात. यकृत सावरलं की एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सुरू करतात, म्हणजे नडणारं कोणतं ते सापडतं आणि उरलेल्यांवर उपचार पुरा होतो. कुणालाही न सांगता गोळ्या सोडणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्यात यकृत वाचेल कदाचित, पण अर्धवट मारलेला जंतू औषधांना न जुमानणारा होऊन परततो.

यातही एक विलक्षण गोष्ट आहे. पित्त अडून सुटलेल्या असह्य खाजेवर एक उपाय म्हणून रिफाम्पिसिनच अल्प मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. यकृताच्या पेशींना रक्तातले पित्तक्षार ओढून घेण्यात अडथळा आणणारं औषध त्याच पित्तक्षारांच्या खाजेवर चालतं. औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच मग अपुरा वाटू लागतो. कुणाला, किती, कशासोबत आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

मुंबईतली गुळवेल

हेच चार प्रश्न २०२० साली मुंबईत विचारले गेले. कोरोनाच्या पहिल्या लाटेत प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घरोघर गुळवेल सुरू झाली होती. कुणी कांड्या उकळून काढा प्यायचं, कुणी गोळ्या घ्यायचं. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सहा रुग्ण आले. सहाही जणांना यकृताची सूज, सहाही जण गुळवेल घेणारे. रक्ततपासणी आणि यकृताच्या तुकड्याची तपासणी यांत जे दिसलं ते स्वप्रतिकार विकारासारखं होतं, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तसं. काहींना असा विकार आधीपासून सुप्त असावा आणि गुळवेलीने तो जागा केला असावा, असा तर्क होता. प्रतिकारशक्ती चेतवावी म्हणून घेतलेलं औषध, ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच वाट चुकलेली आहे त्यांनाच नडलं, यात आश्चर्य वाटायला नको.

२०२१ साली हा निष्कर्ष छापून आला आणि वाद झाला. आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकेल, हा एक आक्षेप होता. आक्षेप रास्तच होता, त्यामुळे पुढचा अभ्यास जास्त काटेकोर झाला. देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्ण गोळा झाले. रुग्णांकडे शिल्लक राहिलेले नमुने मागवून त्यांचं रासायनिक परीक्षण केलं गेलं, आणि ती गुळवेलच निघाली. वनस्पती घ्यायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यांक होता ४६ दिवस.

अणशीच्या रानात गुळवेल झाडांवर चढलेली सहज दिसते. कानडीत तिला अमृतबळ्ळी म्हणतात आणि तापात तिचा काढा देण्याची रीत जुनी आहे. ही रीत आणि मुंबईतलं सेवन यांत एक फरक आहे, तो दिवसांचा. ताप आला, काढा घेतला, ताप गेला, काढा बंद, असा व्यवहार पूर्वी असे. काही झालेलं नसताना, काही होऊ नये म्हणून, महिनोन्‌महिने रोज घेणं हे नवीन आहे. हळदीचंही असंच झालं. आमटीतली चिमूटभर हळद कुणाला बाधत नाही. पण हळदीचा अर्क काढून, तो रक्तात जास्त उतरावा म्हणून मिरीचं सत्त्व घालून बनवलेल्या कॅप्सूलनी यकृत बिघडल्याचे रुग्ण इटलीत २०१९ पासून नोंदले गेले. फ्रान्समध्ये वजन उतरवण्यासाठी विकली जाणारी जर्मँडर ही वनस्पती याच कारणाने १९९२ साली बाजारातून काढावी लागली. तिच्यातला दोषी रेणू करांद्यातल्या डायोस्बल्बिनच्या जवळच्या नात्यातला आहे.

माळ उतरते तेव्हा

मग रानातल्या औषधाने कावीळ बरी झाल्याचं जे माणसं छातीठोकपणे सांगतात, ते काय? ती खोटं बोलत नाहीत. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. भुईआवळ्याला मिळतं, पथ्याच्या उसाच्या रसाला मिळतं, दंडावरच्या डागाला मिळतं आणि काविळीच्या माळेलाही मिळतं. ही माळ डोक्यावर ठेवतात. ओल्या काड्यांच्या तुकड्यांची ती माळ दोऱ्याच्या गाठींनी बांधलेली असते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैलावतात, माळ लांबते, गळ्यात येते, पोटावर उतरते. काविळीला लागतात तितकेच दिवस माळेलाही लागतात. माळेने निदान यकृताला काही अपाय होत नाही. पोटात घ्यायच्या अनोळखी मुळीने होऊ शकतो, कारण ती आधीच सुजलेल्या यकृताला आणखी एक काम लावते.

उलट बाजूने, गोळी घेतल्यानंतर झालेली प्रत्येक कावीळ गोळीने झालेली नसते. या पट्ट्यात भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. माकडतापही इथल्या रानांत आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा गोचिडीचा ताप उत्तर कन्नड, गोव्यातली सत्तरी आणि सिंधुदुर्गातलं दोडामार्ग इथवर पोचला आहे. या दोन्ही तापांत यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. आणि ताप आहे म्हणजे पॅरासिटामॉल पोटात गेलेलीच असते. दोष कुणाचा हे ठरवताना डॉक्टरला आधी हे सगळे एकेक करून बाद करावे लागतात.

हिशेब

औषधाने यकृत बिघडलं हे सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. ना सोनोग्राफीत त्याची खूण दिसते, ना यकृताचा तुकडा काढून खात्री होते. डॉक्टर गुण देऊन अंदाज बांधतात. औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, थांबवल्यावर आकडे किती दिवसांत उतरले, दुसरं कारण सापडलं का. या गुणपत्रिकेतले निम्मे प्रश्न रुग्णाच्या सांगण्यावर उभे असतात. रुग्णाने सांगितलं नाही तर सगळ्यात महागडी तपासणीही आंधळी.

आणि रुग्ण सांगत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात रोज घडणारा संवाद असा असतो.

“आजी, आणखी कसली औषधं चालू आहेत?”

“नाही हो डॉक्टर, फक्त तुमचीच.”

“काढा वगैरे?”

“काढा होय? तो आपला रोजचा. तो काय औषध?”

“गुडघ्यासाठी काही?”

“ती पुडी आहे. मुलाने बाजारातून आणलेली. पण ती आयुर्वेदिक आहे.”

आजी लपवत नसतात. त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं. काढा घरचा, पुडी निर्धोक, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी किरकोळ. यातही काही जणांना मागे एकदा गावठी औषध घेतल्याबद्दल ओरडा बसलेला असतो, ते पुन्हा तोंड उघडत नाहीत. ‘गावठी औषध घेतलं का?’ असं दरडावून विचारणाऱ्याला नाही हेच उत्तर मिळतं. ‘गेल्या तीन महिन्यांत तोंडावाटे काय काय गेलं?’ असं विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळण्याची शक्यता असते.

अणशीसारख्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे कारवार, बेळगाव किंवा गोव्यातलं बांबोळी. तिथल्या डॉक्टरला गाव माहीत नसतं, वैदू माहीत नसतो, कधीकधी भाषाही पुरती कळत नाही. म्हणून निघताना घरातलं सगळं पिशवीत घालावं. गोळ्यांची रिकामी पाकिटं, सिरपची बाटली, व्यायामशाळेतला डबा, पुडीतली पूड, काढ्यासाठी आणलेल्या कांड्या, मुळीचा उरलेला तुकडा. प्रत्येक गोष्ट कधी सुरू केली ते सणावारावरून आठवलं तरी चालेल, गणपतीच्या आधी की नंतर, एवढंही पुष्कळ. मुंबईच्या रुग्णांवरून उठलेला वाद पुढे सुटला तो अशाच उरलेल्या नमुन्यांवरून. त्या लोकांनी ते फेकून दिले असते तर गुळवेल की दुसरं काही, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता.

नडलेलं औषध सापडलं आणि थांबवलं, की बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. यकृताइतका झपाट्याने भरून येणारा दुसरा अवयव शरीरात नाही. त्यानंतर एक काम उरतं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. त्या औषधाचं नाव, ब्रँडचं नव्हे तर आतल्या घटकाचं, केसपेपरवर ठळक लिहून घ्यायचं आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाठ करायला लावायचं. कारण तेच औषध दुसऱ्यांदा पोटात गेलं तर यकृत पहिल्यासारखी आठवड्यांची सवड देत नाही. दुसरा हल्ला अनेकदा काही दिवसांत येतो आणि पहिल्याहून जोराचा असतो. देणारा डॉक्टर दुसराच असतो, गोळीचा रंग वेगळा असतो, आणि त्या वेळी रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.